किरकोळ कामांच्या बाजूने

काही महिन्यांपूर्वी एका नियतकालिकासाठी मी पुच्चिनीच्या ‘ला बोएम’ या ऑपेरावर लेख लिहिला होता. संपादकांनी तो सौजन्यपूर्वक परत पाठवला. सोबतच्या पत्रात लिहिले होते की, ऑपेराविषयीचा भाग चांगला उतरला आहे. मात्र बँक, चष्म्याचे दुकान, केमिस्ट, भाजी आणि दोन मैत्रिणी ज्यांत येतात ती पहिली दोन पाने गाळावीत, कारण तो ‘कलाकृतीबाहेरचा मजकूर’ आहे. पाने गाळली तर लेख पुढच्या अंकात घेता येईल, असेही आश्वासन होते. मी ती गाळली नाहीत. लेख अजून माझ्याकडेच आहे.

हा संपादकांविरुद्धचा गाऱ्हाण्याचा मजकूर नव्हे. त्यांनी जे लिहिले ते आपल्यापैकी बहुतेकांनी, मी धरून, वर्गात कधी ना कधी विद्यार्थ्यांना सांगितले आहे. ‘कवितेविषयी लिहा, कविता वाचताना पाऊस पडत होता हे लिहू नका.’ उत्तरपत्रिकेत असे काही आढळले की आपण लाल शाईने रेघ मारतो. त्या रेघेमागे एक पुरता सिद्धान्त उभा आहे आणि तो तपासून न पाहताच आपण पिढ्यान्‌पिढ्या पुढे देत आलो आहोत. माझे भांडण त्या रेघेशी आहे.

प्रथम त्या दिवसाचा हिशेब मांडते. नोव्हेंबरातला पहिला शनिवार होता, त्यामुळे बँक उघडी होती. सासूबाईंच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेतून कोणी घरी येऊ शकेल का, याची चौकशी करायची होती. त्यांना आता जिना उतरवत नाही. तिथे दीड तास गेला. मग चष्म्याची दांडी बसवून घेतली, फॉल लावायला दिलेली साडी ताब्यात घेतली आणि गिरगावात ठाकुरद्वारला मैत्रिणीला भेटले. तिला आईसाठी इन्सुलिन घ्यायचे होते. केमिस्टाने ते बर्फाच्या पिशवीसह बांधून दिले. दुसरी मैत्रीण थेट ‘ऑपेरा हाऊस’ला बसने उतरणार होती. तिघींनी मिळून मेथी, मटार आणि आले घेतले, एका हॉटेलात चहा प्यायला, आणि साडेपाचच्या खेळासाठी दक्षिण मुंबईतील एका सभागृहात पोचलो. तिथे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या ‘ला बोएम’चे चित्रमुद्रण मोठ्या पडद्यावर दाखवणार होते. फ्रान्को झेफिरेल्ली यांनी १९८१ साली उभा केलेला, दुसऱ्या अंकात अख्खा पॅरिसचा रस्ता रंगमंचावर आणणारा तो प्रसिद्ध प्रयोग.

दाराशी पहारेकऱ्याने पिशव्या अडवल्या. भाजी आत नेता येणार नाही, साडीची पिशवीही नाही. इन्सुलिनच्या पिशवीवरून थोडी वादावादी झाली; औषध आहे म्हटल्यावर ती सोडली. आम्ही आत गेलो तेव्हा आमच्यापैकी दोघींचे हात मोकळे होते आणि तिसरीच्या मांडीवर बर्फाची पिशवी होती.

तो पहारेकरी त्याला नेमून दिलेले काम करत होता. पण मला त्याच्यात आपल्या सौंदर्यशास्त्राचा एक प्रामाणिक सेवक दिसला. रसिकाने आत यावे, पिशवी बाहेर ठेवावी.

मराठी समीक्षेत हा विचार कोठून आला हे साहित्याच्या अभ्यासकांना नव्याने सांगायला नको. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये कलाकृतीच्या घाटाचा विचार संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या नियमांनी केला, आणि कलेचे मूल्य तिच्याबाहेरच्या प्रयोजनांवर तोलण्यास ठाम नकार दिला. तो नकार त्या काळी आवश्यक होता. कलेकडून बोध, प्रचार आणि समाजसुधारणा यांची वसुली करणाऱ्यांना कुणीतरी थांबवायला हवे होते. पुढे रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिका समोरासमोर ठेवल्या आणि कलाविचार या दोन ध्रुवांमधील ताणातच जगतो असे दाखवले. पण वर्गात पोचेपर्यंत त्या ताणातील एकच ध्रुव उरला. सूक्ष्म सिद्धान्ताचा ढोबळ नियम झाला. कलेचा अनुभव म्हणजे दैनंदिन जीवनातून तात्पुरती सुटका, आणि त्या सुटकेच्या वर्णनातून दैनंदिन जीवनाचा उल्लेखही वगळायचा, असा तो नियम.

यातली विसंगती मर्ढेकरांच्या बाबतीतच ढळढळीत दिसते. त्यांच्या सिद्धान्ताचा हवाला देऊन आपण विद्यार्थ्याच्या निबंधातून मुंबई काढून टाकतो. आणि त्यांची कविता शिकवताना, यंत्रयुगातील महानगर, गाड्या, गर्दी आणि पोटासाठीची वणवण कवितेत आणणारा कवी म्हणून त्यांचा गौरव करतो. ‘काही कविता’ १९४७ साली आली तेव्हा हे कवितेबाहेरचे आहे असे म्हणणारे लोक होतेच. आज तीच हरकत आपण कवितेच्या वाचकावर घेतो. कवीला शहर आत आणण्याची मुभा आहे, वाचकाला नाही. ‘कोसला’त खानावळीचे हिशेब आले तर ती कादंबरीची क्रांती, वाचकाने आपल्या हिशेबाच्या वहीजवळ बसून ‘कोसला’ वाचली हे त्याने लिहिले, तर ते पाल्हाळ.

कोणी म्हणेल की हा नियम मर्ढेकरांहून फार जुना आहे आणि त्याला अधिक भक्कम आधार आहे. तोही पाहू. अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त रसास्वादातील सात विघ्ने सांगितली. त्यांपैकी एक ‘निजसुखादिविवशीभाव’: स्वतःच्याच सुखदुःखात प्रेक्षक गुरफटलेला असणे. माझ्या मैत्रिणीच्या मांडीवरची बर्फाची पिशवी हे त्या विघ्नाचे मूर्तिमंत उदाहरण, असे कोणी म्हटले तर मला मान्य आहे. पण अभिनवगुप्त त्यावर उपाय काय सांगतो? तो प्रेक्षकाला घरी ठेवत नाही आणि त्याला दुःख नव्हते अशी बतावणीही करत नाही. गीत, वाद्य, सजवलेले रंगमंडप हे त्या विघ्नाचे उपाय आहेत, असे तो म्हणतो. म्हणजे प्रेक्षक आपली विवंचना घेऊनच येतो, हे त्याने गृहीत धरले आहे. नाट्याचे काम त्या विवंचनेच्या उपस्थितीत सुरू होते. विवंचनेचा उल्लेखच खोडून टाकला, तर नाट्याने नेमके काय केले याचे वर्णन आपण करणार कसे? रोग्याची अवस्था न नोंदवता औषधाचा गुण सांगण्यासारखे ते होईल.

आता इतिहासाकडे वळू. अंधारलेले सभागृह, निश्चल प्रेक्षक, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता ही कलेची नैसर्गिक अवस्था आहे असे आपण समजतो. ऑपेराच्या बाबतीत तरी ते खरे नाही. मिलानचे ‘ला स्काला’ १७७८ साली उघडले. तिथल्या खाजगी कक्षांत कुटुंबे पाहुण्यांचे आदरातिथ्य करीत, जेवत, पत्ते खेळत. इमारतीत जुगारही चाले. लोक आवडत्या गायकाचे गाणे आले की ऐकत, एरवी गप्पा मारत. सभागृहात दिवे पेटलेले असत. प्रेक्षागृह काळोखात बुडवण्याची प्रथा रूढ होण्यात वाग्नरच्या बायरॉइट येथील नाट्यगृहाचा, म्हणजे १८७६ सालचा, मोठा वाटा आहे. इटलीत ही शिस्त आणण्यासाठी तोस्कानिनीला झगडावे लागले. ‘वन्समोर’च्या आग्रहावरून तो १९०३ साली ‘ला स्काला’ सोडून गेला. आणि हाच तोस्कानिनी १ फेब्रुवारी १८९६ रोजी तुरिन येथे ‘ला बोएम’च्या पहिल्या प्रयोगाचा संचालक होता.

‘वन्समोर’ या शब्दापाशी माझी दुसरी मैत्रीण हसली असती. तिच्या घराण्यात तीन पिढ्या संगीत नाटकाचे वेड आहे. ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले, ‘मानापमान’ १९११ साली मुंबईत. त्याच वर्षअखेरीस पंचम जॉर्ज यांच्या हस्ते इथल्या रॉयल ऑपेरा हाऊसचे, बांधकाम अपुरे असतानाच, उद्घाटन झाले. पुढे ते चित्रपटगृह झाले, १९९३ मध्ये बंद पडले, २०१६ च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडले. मधल्या काळात ‘ऑपेरा हाऊस’ हे मुंबईकरांच्या लेखी बसथांब्याचे आणि हिरेबाजाराचे नाव होऊन बसले. ऑपेराचा एक सूरही न ऐकता लाखो लोक रोज ऑपेरा हाऊसला उतरत होते. मैत्रिणीचे आजोबा संगीत नाटकाला रात्रभर बसत, मध्ये बाहेर जाऊन पोटपूजा करून येत, आवडत्या पदाला पाच-पाच वेळा ‘वन्समोर’ देत. त्यांनी नाटक पाहिले नाही, असे आपण म्हणणार का? त्यांच्या कानाची तयारी, रागाची ओळख, ताना कुठे वाढवल्या आणि कुठे राखल्या याची जाण आज आपल्या वर्गात किती जणांजवळ आहे? संगीत नाटकाला ‘मराठी ऑपेरा’ म्हणण्याची हौस मला नाही. पद आणि गद्य यांचे तिथले नाते सर्वस्वी वेगळे आहे. परंतु दोन्ही ठिकाणचा प्रेक्षक आपले घर, भूक, शेजारी आणि उद्याची चिंता यांसह आत येत होता, हे साम्य खरे आहे. निःस्तब्ध, पिशवीविरहित रसिक ही अलीकडची निर्मिती आहे. ती वाईट नाही, त्या शांततेमुळे काही गोष्टी प्रथमच ऐकू आल्या. पण जी गोष्ट इतिहासात घडली तिला कलेचे सारतत्त्व म्हणू नये.

आतापर्यंतचा युक्तिवाद कोणत्याही कलाकृतीला लागू पडेल. ‘ला बोएम’च्या बाबतीत तर ‘कलाकृतीबाहेरचा मजकूर’ हा शब्दप्रयोगच निरर्थक ठरतो, कारण ही कलाकृती किरकोळ कामांचीच बनलेली आहे.

पहिला अंक आठवावा. पॅरिसमधील माळ्यावरची खोली, नाताळची पूर्वसंध्या, शेगडीत सरपण नाही. कवी रोदोल्फो आपल्या नाटकाचे हस्तलिखित जाळून ऊब घेतो. संगीतकार शोनार खाण्याचे जिन्नस, लाकडे आणि पैसे घेऊन येतो. घरमालक थकलेले भाडे मागायला येतो. त्याला दारू पाजून वाटेला लावतात. मग शेजारची मिमी दार वाजवते. कशासाठी? विझलेली मेणबत्ती पेटवून घ्यायला. खोलीची किल्ली हरवते, दोघे अंधारात चाचपडत ती शोधतात, हाताला हात लागतो. ऑपेराच्या वाङ्मयातील हा एक सर्वांत विख्यात प्रेमारंभ; त्याला कारण एक मेणबत्ती आणि एक किल्ली. दुसरा अंक म्हणजे निव्वळ बाजार. शिरोवेष्टण विकत घ्यायचे आहे, शिंग विकत घ्यायचे आहे, तत्त्वज्ञ कोलीनला जुनी पुस्तके हवी आहेत, पोरे खेळणीवाल्याच्या मागे लागली आहेत, आणि शेवटी उपाहारगृहाचे बिल कोणी द्यायचे हा प्रश्न आहे. ते मुझेत्ता आपल्या श्रीमंत म्हाताऱ्या सोबत्याच्या गळ्यात घालते. तिसरा अंक पहाटे जकातनाक्यावर उघडतो: झाडूवाले, दूधवाल्या, फाटक उघडण्याची वाट पाहणारी कामकरी माणसे.

हे सारे निव्वळ पार्श्वभूमीचे रंगकाम आहे, असे म्हणता येईल. पण चौथा अंक तसे म्हणू देत नाही. मरणासन्न मिमीला खोलीत आणतात. घरात काही नाही. मुझेत्ता कानांतली कुंडले काढून देते, ती विकून औषध आणि डॉक्टर आणायचे. तिच्या गार हातांसाठी ती स्वतः हातमोजा आणायला जाते. कोलीन आपला जुना कोट गहाण टाकायला निघतो आणि निघण्यापूर्वी त्या कोटाचा निरोप घेतो. पुच्चिनीने एका कोटाला स्वतंत्र गाणे दिले आहे. ते छोटे आहे, पण त्याच्या स्वरांनीच पुढे साऱ्या ऑपेराचा शेवट होतो; पडदा पडताना वाद्यवृंद त्या कोटाच्या गाण्याच्या अखेरीकडे परततो. मिमी मरते तो क्षण तर अधिकच पाहण्यासारखा आहे. तिचे मरण कोणाच्याही डोळ्यांसमोर घडत नाही. मुझेत्ता औषध गरम करत असते. रोदोल्फो मिमीच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून खिडकीशी आडोसा करत असतो. शोनारच्या प्रथम लक्षात येते. प्रियकराला सर्वांत शेवटी, तेही इतरांचे चेहरे पाहून कळते. सगळे तिच्यासाठीच कुठल्या ना कुठल्या बारीकसारीक कामात असतात आणि ती निघून जाते. ज्यांनी घरात आजारी माणूस सांभाळले आहे त्यांना यात काही अलौकिक वाटणार नाही. असेच घडते.

तुरिनच्या प्रेक्षकांनी याच नाट्यगृहात काही आठवड्यांपूर्वी तोस्कानिनीच्याच संचालनाखाली वाग्नरचा देवांच्या अस्ताचा महानाट्यप्रसंग ऐकला होता. त्यानंतर त्यांच्यापुढे थकलेले भाडे आणि गहाण टाकलेला कोट आला. टीकाकारांपैकी काहींना ते फिके वाटले, यात नवल नाही. देवांच्या अस्ताला ‘कलाकृतीबाहेरचे’ काही चिकटत नाही. कोटाला चिकटते.

आता त्या मैत्रिणीविषयी. तिची आई अंथरुणाला खिळून आहे. दिवसभराची बाई रात्री नऊला निघते, म्हणजे नवाच्या आत मुलुंडला घरी पोचणे भाग. त्या संध्याकाळी दुसऱ्या मध्यंतरात, तिसरा अंक संपल्यावर, सव्वासातच्या सुमारास ती उठली. सीएसएमटीहून जलद गाडी पकडायची होती. या ऑपेराला ती पूर्वीही दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा इथेच उठून गेली होती. तिने सभागृहात बसून मिमीला मरताना कधीच पाहिलेले नाही. तिचा ‘ला बोएम’ तीन अंकांचा आहे.

तिसऱ्या अंकात रोदोल्फो मित्राला प्रथम सांगतो की मिमी चंचल आहे म्हणून मी तिला सोडतो. मग खरे कारण बाहेर येते. ती फार आजारी आहे, माझी खोली थंडगार आहे, तिथे ती जगणार नाही. झाडामागे उभी असलेली मिमी हे ऐकते, तिला खोकला येतो. शेवटी दोघे ठरवतात की वेगळे व्हायचे, पण हिवाळ्यात नको, वसंत येईपर्यंत थांबू. मी हा अंक अनेकदा ऐकला आहे, त्यावर वाचलेही आहे. मत्सराचे सोंग आणि त्याखालचे प्रेम, असेच त्याचे विवेचन मी करत आले. मध्यंतराचे दिवे लागले, मैत्रीण पिशवीतला बर्फ चाचपून पाहत म्हणाली, ‘अगं, हा तिला सोडत नाहीये. ह्याला बाई ठेवायला परवडत नाहीये.’ आणि पायऱ्या चढून निघून गेली.

हे वाक्य मी संपादकांना पाठवलेल्या लेखात होते. ते गाळायच्या दोन पानांत येते.

माझा दावा आहे की हे वाक्य म्हणजे समीक्षा आहे, आणि चांगली समीक्षा आहे. तिसऱ्या अंकाच्या केंद्रस्थानी प्रेमापेक्षा शुश्रूषेचा खर्च आहे, रोदोल्फोचे खोटे हे त्या खर्चापुढे हरलेल्या माणसाचे खोटे आहे, हे त्यातून एका झटक्यात उघड होते. वसंतापर्यंत थांबण्याच्या करारातली निव्वळ मुदतवाढही त्यामुळे दिसते. एवढेच नव्हे, तर या वाक्यानंतर मागे वळून पाहिले की पहिला अंकही बदलतो. पुरुषांची गरिबी तिथे बरीचशी खेळकर आहे. ते हस्तलिखित जाळतात, घरमालकाला फसवतात, विनोद करतात. रोदोल्फो स्वतःची ओळख कवी म्हणून करून देतो. मिमी आपली ओळख कामावरून करून देते: काय शिवते, कशावर फुले भरते, एकटीच आपले जेवण कसे रांधते. चौघा मित्रांना कलावंत म्हणून दरिद्री राहण्याची मौज आहे. तिला शिवणकाम चुकत नाही. हे मला मैत्रिणीच्या वाक्यानंतर दिसले. आणि ते वाक्य मांडीवरच्या पिशवीशिवाय, नऊला निघणाऱ्या बाईशिवाय बोलले गेले नसते.

यावर दोन आक्षेप येतात आणि ते दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा की, असे म्हणत गेले तर समीक्षेच्या नावाखाली लोक फक्त आपली रोजनिशी लिहितील. ‘मी सकाळी उठलो, चहा घेतला, सिनेमाला गेलो, छान वाटले.’ असे लेखन उदंड झाले आहे आणि त्यात कलाकृती केवळ दिवसभराच्या यादीतील एक नोंद होऊन जाते, हे मला मान्य आहे. त्यावरचा उपाय मात्र सरसकट बंदी हा नव्हे. कसोटी साधी आहे. लेखातून ते किरकोळ काम काढून टाकल्यावर कलाकृतीविषयीचे विधान जसेच्या तसे उभे राहते का? राहत असेल तर ते काम खुशाल गाळावे. विधान ढासळत असेल, तर ते काम पुराव्याचा भाग आहे आणि पुरावा गाळता येत नाही. या कसोटीवर माझ्या त्या लेखातील चष्म्याची दांडी जाईल, फॉल लावलेली साडीही जाईल. इन्सुलिन जाणार नाही. संपादकांनी तेवढेच म्हटले असते तर मी आनंदाने कात्री लावली असती.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. परक्या भाषेतील ऑपेराचे तिकीट काढणाऱ्या बायकांनी गारठलेल्या कवीसाठी डोळे पुसावेत आणि त्यावर लेख लिहावा, यातच ढोंग आहे. त्यात भाजीची पिशवी मिसळून ते ढोंग लोकाभिमुख करू नये. हा आक्षेप मी टाळणार नाही. तो खरा आहे, म्हणूनच तिकीट, पहारेकरी, गाडीची वेळ आणि मुलुंडच्या घरात नऊपर्यंत थांबलेली ती बाई यांचा उल्लेख लेखात हवा. आमची संध्याकाळ तिच्या मजुरीवर उभी होती. ऑपेरा बघायला मैत्रीण येऊ शकली ती तिच्यामुळे, आणि अर्ध्यावर उठली तीही तिच्या वेळेमुळे. हे लपवते कोण? जो समीक्षक दिव्यांच्या अंधारापासून लेख सुरू करतो तो. अलौकिकाचा आग्रह इथे निरागस राहत नाही. संपूर्ण चार अंक, निर्वेध एकाग्रतेने, पाहू शकणाऱ्या रसिकाची कामे त्या वेळी दुसरे कोणीतरी करत असते: बहुधा एखादी बाई, घरची किंवा पगारी. सिद्धान्ताने कल्पिलेला रसिक देहहीन वाटतो, कारण त्याच्या देहाची उस्तवार दुसऱ्याकडे सोपवलेली आहे.

याचा अर्थ मैत्रिणीने चौथा अंक पाहू नये असा नव्हे. तिने तो पाहावा अशी माझी फार इच्छा आहे, आणि खेळ दुपारी तीनला ठेवला तर ती पाहू शकेल. पण तोवर तिच्या तीन अंकांना अपुरे म्हणून बाजूला सारणारी समीक्षा मला नको आहे. आपल्या वर्गांत असे कितीतरी विद्यार्थी आहेत जे कादंबरी गाडीत उभ्याने वाचतात, कविता दुकानाच्या गल्ल्यावर बसून पाठ करतात, नाटकाचा तिसरा अंक शेवटच्या एसटीपायी सोडून जातात. आपण त्यांना सांगतो, ते सारे विसरून लिहा. ते आज्ञाधारकपणे विसरतात आणि मग मार्गदर्शकातील वाक्ये लिहितात. त्यांची उत्तरे एकसारखी का येतात याची चर्चा आपण शिक्षकांच्या खोलीत दरवर्षी करतो. ज्या जागेवरून त्यांना काही वेगळे दिसण्याची शक्यता होती, ती जागाच आपण लाल रेघेने बाद केलेली असते.

या वर्षीच्या उत्तरपत्रिका माझ्याकडे पुढच्या आठवड्यात येतील. कवितेच्या प्रश्नाखाली कुणी पाऊस लिहिला असेल, तर रेघ मारण्यापूर्वी मी एवढेच पाहणार आहे, की त्या पावसाने कवितेतले काय दिसले. काही दिसले असेल तर त्याचे गुण द्यायला हवेत.